चार नंबरचा कोंडीबा

लालासाहेब फौजेतून कायमचा घरी आला तो एक पत्र्याची ट्रंक, एक इस्त्रीची पँट आणि डोक्यात एक शास्त्र घेऊन आला. ट्रंकेचं आणि पँटीचं कुणाला काही वाटलं नाही. आष्ट्याच्या आसपास घरटी एक माणूस फौजेत, ट्रंका काय कमी होत्या गावात? पण शास्त्र नवं होतं, आणि नव्या गोष्टीला गाव कायम हपापलेलं.

खरं सांगायचं तर आठ वर्षांच्या नोकरीत लालासाहेबानं बंदूक धरली ती पुसायला. तो कारकून होता. बंगळूरकडच्या कुठल्याशा ऑफिसात एक मेजरसाहेब नव्या जवानांना प्रश्न विचारून कोण कुठल्या स्वभावाचा ते ठरवायचे, आणि लालासाहेब त्यांचे कागद लावून ठेवायचा. चहाही न्यायचा, पण तेवढं सांगायचं तो विसरायचा. कागद लावता लावता शास्त्र आपल्या अंगात उतरलं अशी त्याची समजूत झाली. आता डॉक्टरच्या दारात झाडलोट करणारा उद्या सुई टोचायला लागला तर लोक त्याला बडवतील. लालासाहेबाला मात्र गावानं खुर्ची दिली.

तर शास्त्र असं, की माणसं चारच प्रकारची. एक नंबर म्हणजे थंड डोक्याचा, ठाम, हुकूम सोडणारा. दोन नंबर विचारी, सल्ला देणारा. तीन नंबर मायाळू, जीव लावणारा. आणि चार नंबर? अंगानं दणकट, रागानं आंधळा, वर हुकूम देणारा असला तर कामाचा, नसला तर मातीमोल. कुणाचं कुणाशी जमतं याचा एक तक्ताच त्यानं चुलत्याच्या, म्हणजे आप्पासोंच्या सोप्यात भिंतीला डकवला होता. एकाचं एकाशी जमत नाही, दोघंही हुकूम सोडणार. दोन आणि तीन, संसार सुखाचा. चार आणि चार, डोकी फुटणार. सगळ्यांत झकास जोडी म्हणजे एक आणि चार. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं राबायचं.

माणूस ओळखायला वीस प्रश्नांचा कागद होता. सांगलीहून छापून आणलेला. तुम्हाला एकटं बसायला आवडतं की चारचौघांत? वाटेत साप दिसला तर आधी काय कराल? अशी सगळी चौकशी. महिन्याभरात गावाला खूळ लागलं. पोरगी बघायला मिरजेहून आलेल्या पाव्हण्यांनी पोहे खाता खाता तिचा नंबर विचारला. एका सासूनं सुनेच्या हातची भाकरी परत केली, का, तर तक्त्यात दोघींचं जमत नव्हतं. त्या आधी चौदा वर्षं दोघी एका ताटात जेवल्या होत्या, ते गेलं कुठं? पण विचारणार कोण? भिंतीवर छापील अक्षर दिसलं की या गावाची अक्कल गहाण पडते.

कोंडीबा हे सगळं खालून ऐकायचा. खालून म्हणजे अक्षरशः खालून. आप्पासोंच्या गुऱ्हाळावर तो चुलवाण्या होता. वर उसाच्या रसानं भरलेली गाडीच्या चाकाएवढी काहील, तिच्या खाली चुलवाण, आणि चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात उभा राहून वाळकी चिपाडं आत सारणारा कोंडीबा. वीस हंगाम झाले. भुवया जळून परत यायच्या आणि परत जळायच्या.

वर काहिलीपाशी हरिबा गुळव्या. रसावर तरंगून येणारी मळी काढायची, भेंडीचं चिकट पाणी सोडायचं, पाक कधी झाला ते बोटानं बघायचं आणि नेमक्या घटकेला काहील उतरवायची, हे गुळव्याचं काम. जाळ जरा चुकला तर गूळ काळा, जरा कमी पडला तर चिकट लगदा. म्हणून दिवसभर वरून हरिबा शिव्या घालायचा आणि खालून कोंडीबा फेडायचा.

"कोंड्या, मेलास का काय? जाळ हाय का उदबत्ती?"

"आवं, तुमचा पाक सांभाळा. झोपलायसा जनू!"

परक्या माणसाला वाटावं, आता खून पडतो. पण खरी गंमत गुऱ्हाळावरच्यांना ठाऊक होती. हरिबानं 'जाळ वढ' म्हणून ओरडायच्या आधीच कोंडीबानं जळती चिपाडं बाहेर ओढून जाळ कमी केलेला असायचा. त्याला वरचं काही दिसत नव्हतं, पण कान होते. रस आधी खदखदतो, मग पाक जड झाला की थप थप वाजतो, आणि शेवटी एक जाड फसफस येते. वास बदलतो. वीस वर्षांत खड्ड्यात उभं राहून या गड्यानं अख्खा गूळ कानानं आणि नाकानं शिकून घेतला होता. वर जाऊन काहिलीच्या काठाला मात्र त्यानं एकदाही हात लावला नव्हता. लावू नको असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच कधी पडली नव्हती. छप्पन साली त्याच्या वस्तीनं दीक्षा घेतली, देव नदीला सोडले, मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं, कोंडीबा रात्रशाळेत बसून लिहा-वाचायला शिकला. एवढं सगळं बदललं. खड्डा तेवढा राहिला.

आणि लालासाहेब आला त्याच साली हरिबाचे डोळे गेले. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकल्याशिवाय काढता येणार नाही. पाक कुठला आणि मळी कुठली, हरिबाला दिसेना. त्यानं आप्पासोंना सरळ सांगितलं, "ह्यो हंगाम कोंड्याच्या हातात द्या. माझ्यापरीस त्येला जास्त कळतंय. मीच सांगतोय म्हंजे इचार करा."

ते कोंडीबानं ऐकलं. वीस वर्षं त्यानं हे स्वतःशीसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. एकदा वर उभं राहायचं, काहील डोळ्यांनी बघायची आणि आपल्या हातानं उतरवायची. हात वळवळत होते त्याचे.

आप्पासो माणूस वाईट नव्हता. म्हणजे कुणाला तोंडावर वाईट बोलायची त्याला लाज वाटायची, एवढंच. तो म्हणाला, "बघू की. लालाचं शास्त्र हाय न्हवं आता? समद्यांचे कागद भरू. ज्येचा नंबर लागंल त्येच्या हातात काहील." दुसरा गडी कोण? तर आप्पासोंचा भाचा धनाजी. हसरा, गोरागोमटा, गुऱ्हाळावर काकवी प्यायला यायचा तेवढाच त्याचा गुळाशी संबंध.

कागद हातात आल्यावर कोंडीबा तो घेऊन हरिबाच्या खोपीत गेला. हरिबाला दिसत नव्हतं आणि लिहिताही येत नव्हतं, त्यामुळे दोघांचे कागद कोंडीबाच लिहिणार होता.

"हरिबातात्या, आमच्या वस्तीतल्या सतरा जणांनी कागद भरले," तो म्हणाला. "सतराच्या सतरा चार नंबर. ती हरणाबाई, मुंगीला पाय लावत न्हाई, ती बी रागानं आंधळी म्हनं. आन् तुमच्या आळीत येक बी चार न्हाई. त्यो दारू पिऊन बायकूला मारणारा हिंदुराव दोन नंबर हाय. इचारी!"

हरिबा खोकत खोकत हसला, आणि मग हसायचा थांबला. आंधळा झाला होता, बुद्दू नव्हता. "मग येक काम कर," तो म्हणाला. "माझ्या नावाच्या कागदावर तुझी उत्तरं लिव. तुझ्या नावावर माझी लिव. बघू शास्त्र काय म्हणतंय."

तसंच केलं. साप दिसला तर काय कराल? कोंडीबाचं उत्तर होतं, साप कंचा हाय त्ये आधी बघीन. ते हरिबाच्या नावावर गेलं. हरिबाचं उत्तर होतं, त्येच्या आयला शिव्या दीन आन् दगूड घालीन. ते कोंडीबाच्या नावावर गेलं. वीसही प्रश्न असेच. लिहिताना दोघं इतके हसले की बाहेर चिपाडं वाळत घालणारी रंगूबाई आत डोकावून गेली.

निकाल गुऱ्हाळावरच लागला, पहिल्या काहिलीच्या सकाळी. उसाच्या गाड्या सुटल्या होत्या, चरकाचं इंजिन धडधडत होतं, रसानं एक पिंप भरत आलं होतं. लालासाहेब इस्त्रीची पँट सांभाळत उसाच्या मोळीवर उभा राहिला.

"हरिबा, एक नंबर. वीसपैकी अठरा. थंड डोकं, नजर बारीक, जन्मजात गुळव्या. दुर्दैवानं डोळे नाहीत. धनाजी, एक नंबर. चौदा गुण. कोंडीबा, चार नंबर. तापट, उतावळा, तोल सुटणारा. आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. वर धनाजी, खाली कोंडीबा, म्हणजे एक आणि चार. तक्त्यातली सर्वोत्तम जोडी आहे ही."

कोंडीबा खड्ड्यातून वर आला.

"लालासाहेब, कागद उलटे हायती. हरिबाच्या नावावरची उत्तरं माझी हायत. माझ्या नावावरची त्येंची. म्हंजे अठरा गुण माझे."

"व्हय," हरिबा ओरडला. "तापट, उतावळा, त्यो मी! चाळीस वर्सं गूळ कराय लागलोय चार नंबरचा मी!"

बायका फिस्स करून हसल्या. चरकावरची माणसं ऊस सारायची थांबली. लालासाहेबाचा चेहरा क्षणभर पडला. दुसरा कुणी असता तर मोळीवरून खाली उतरला असता. पण शास्त्र शिकलेला माणूस असा सहजासहजी खाली येतोय होय? त्यानं चष्मा पुसला, परत चढवला.

"परीक्षेत लबाडी केलीस," तो म्हणाला. "हेच चार नंबरचं पहिलं लक्षण. म्हणजे निकाल बरोबरच आहे."

असलं कोडगेपण कोंडीबानं म्हशीतसुद्धा बघितलं नव्हतं. खरं उत्तर दे, चार नंबर. खोटं दे, चार नंबर. कागद कोरा दिला असता तरी हा बाबा चारच म्हणाला असता. लबाडी हरिबानंही केली होती, पण त्याचा एक नंबर काही कुणी काढून घेतला नाही.

त्यानं लालासाहेबाचा नाद सोडला आणि आप्पासोंकडे वळला. "आप्पासो, काहील मला का देत न्हाईसा? तुमच्या तोंडानं सांगा. मी जातो खाली गपगुमान."

आप्पासोनं टोपी मागेपुढे केली. "आता त्यात मी काय सांगू? कागदात आलंय की. शास्त्र हाय त्ये."

"कागदात जे आलंय त्ये तुमचं म्हननं हाय का?"

"कोंडीबा, रस आंबंल. कामाला लाग."

म्हणजे बघा, कारण सगळ्यांना ठाऊक, आणि बोलायचं कुणी नाही. पूर्वी लोक निदान तोंडावर म्हणायचे, लांब सर. आता तेवढीही हिंमत उरली नव्हती, म्हणून बंगळूरचं शास्त्र पुढं केलं. कोंडीबाला इतका संताप आला की कानशिलं तापली. पण तो ओरडला नाही. 'बघा, तापला!' म्हणायला लालासाहेब टपलेलाच होता. तो खड्ड्यात उतरला. जाता जाता एवढंच म्हणाला, "बरं. चार नंबर हुकूम पाळतोय म्हंता न्हवं? पाळतो."

आणि त्यानं पाळला.

धनाजी वरून म्हणाला, "जाळ घाल." कोंडीबानं घातला. धनाजी म्हणाला, "अजून." त्यानं अजून घातला. रस खदखदला, मळी वर आली, धनाजीनं कशीबशी ती काढली आणि कौतुक करून घ्यायला इकडेतिकडे बघितलं. लालासाहेब मोळीवर बसून मान डोलवत होता. एक आणि चार! कसं जमलंय बघा!

खाली कोंडीबाला थप थप ऐकू आली. हात आपोआप जाळाकडे गेला. त्यानं तो मागे घेतला. मग जाड फसफस आली. वास बदलला. वीस वर्षांत त्या वासाला त्याचे हात कधी गप बसले नव्हते. त्यानं मुठी आवळून धरल्या. गूळ कुणाचाही असो, जळताना त्याला बघवत नव्हता. वर धनाजी काकवीचा पेला शोधत होता.

"जाळ वढ!" हरिबा खोपीतून चाचपडत धावत आला. त्यालाही वास लागला होता. "आरं जाळ वढ कोंड्या!"

"तात्या, तुमचा हुकूम चालत न्हाई," कोंडीबा खालून म्हणाला. "गुळव्या वर हाय."

धनाजीला सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता. काहिलीच्या तळाशी कोळसा धरला होता आणि वर डांबर. रंगूबाईनं पदर नाकाला लावला. आप्पासो गाड्यांपासून पळत आला, काहिलीत बघितलं आणि कपाळाला हात लावला. मागे दुसरं पिंप रसानं काठोकाठ भरलं होतं, चरक चालूच होता, आणि पुढच्या गाड्या रस्त्यात उभ्या होत्या. रस थांबत नाही. ताजा आहे तोवर काहिलीत पडला पाहिजे, नाहीतर आंबून जातो.

"लाला, आता काय करायचं?" आप्पासो म्हणाला.

लालासाहेब म्हणाला, "धनाजीचा कागद परत तपासावा लागेल."

"तपास की. कागद उकळून गूळ निघतोय का बघ," हरिबा म्हणाला, आणि या वेळी बायकांनी पदराआड तोंड लपवायची तसदीही घेतली नाही.

गड्यांनी काहील ओतून, घासून परत चढवली. आप्पासो खड्ड्याच्या काठाशी आला आणि उकिडवा बसला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो एवढ्या खाली वाकला असेल. आवाज बारीक करून म्हणाला, "कोंडीबा, वर ये बाबा. काहील तू उतरव. हरिबाला शेजारी बसवू पाटावर. आला-गेला, व्यापारी बघंल त्येला वाटंल हरिबाच करतोय. म्हंजे तुजं बी झालं आन् माजं बी झालं."

काहील हातभर अंतरावर होती. कोंडीबानं वर बघितलं. ज्यासाठी वीस वर्षं झुरला ते समोर आलं होतं, आणि तेसुद्धा चोरून. कुणाला कळतंय, करून टाक, असं एक मन म्हणालं. मग त्याला सतरा कागद आठवले.

"न्हाई," तो म्हणाला. "माझं नाव घिऊन सांगा. समद्यांच्या म्होरं. तर येतो."

"सांगतो की. हितनंच सांगतो. कोंडीबा गुळव्या..."

"इंजिन चालू हाय. कुणाला ऐकू आलं? इंजिन बंद करा."

आप्पासोनं त्याच्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं. पिंपातून रस ओघळायला लागला होता. त्यानं हात वर केला. इंजिन दोनदा ठसकलं आणि थांबलं. पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. चरकावरचे, गाड्यांवरचे, चिपाडांवरच्या बाया, सगळे आप्पासोंच्या तोंडाकडे बघत राहिले. आप्पासो उभा राहिला. घाम पुसला.

"आजपासनं," तो म्हणाला, "आपल्या गुऱ्हाळाचा गुळव्या कोंडीबा."

"मोठ्यानं," हरिबा म्हणाला. "मला डोळं न्हाईत. कान तरी भरू द्या."

आप्पासोनं परत सांगितलं, मोठ्यानं.

कोंडीबा वर आला. हातपाय धुतले. खाली जाळाला धनाजी आपणहून उतरला, आणि उतरताना त्याच्या तोंडावर अशी काही सुटका होती की त्याचा राग कुणाला यावा? "वर मला काय कळतच न्हवतं, कोंडीबा," तो म्हणाला. "तू फकस्त शिव्या घालत जा, मी जाळ घालतो."

काहील वरून बघायला कोंडीबाला वेगळीच वाटली. सोनेरी फेस चढत होता, मध्ये भोवरा फिरत होता. इतकी वर्षं त्यानं जे कानानं ऐकलं ते हे असं दिसतं होय! त्याचे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त तयारच होतं. मग थप थप सुरू झाली आणि त्याला कशाचंच भान उरलं नाही. "धनाजी, जाळ वढ! आरं वढ, तुज्या!" काहील उतरली, गूळ निववायच्या वाफ्यात पसरला. पिवळाधमक, पोत सशाच्या कानासारखा.

नव्या गुळव्याच्या पहिल्या काहिलीचा गूळ त्यानं आपल्या हातानं सगळ्यांना द्यायचा, ही गुऱ्हाळाची रीत. कोंडीबानं कोमट गुळाचे खडे मोडले. हरिबानं हात पुढे केला तो तोंड उघडूनच. रंगूबाईनं पदरात न घेता तळहातावर घेतला आणि तिथंच खाल्ला. तिच्यामागं बाया आल्या, चरकावरची माणसं आली, धनाजीनं दोन घेतले. आप्पासोनं खडा घेतला, चारी बाजूंना बघितलं, सगळे बघतायत हे बघितलं, आणि खाल्ला.

राहिला लालासाहेब. कोंडीबानं त्याच्यापुढे हात धरला.

"नको," लालासाहेब म्हणाला. "मला गोड सोसत नाही. डॉक्टरांनी बंद केलंय."

कुणी हसलं नाही. सकाळीच त्यानं दोन पेले उसाचा रस प्यायलेला सगळ्यांनी बघितला होता. धनाजीच्या काहिलीच्या मुहूर्ताला नारळाबरोबर फोडलेली गेल्या हंगामातल्या गुळाची अख्खी भेली तर त्यानं एकट्यानं संपवली होती.

कोंडीबानं हात मागे घेतला नाही. "लालासाहेब, घ्या की. जातपात तुमी मानत न्हाईसा, फौजेतलं मानूस तुमी. तुमी फकस्त सभाव बघता."

लालासाहेब पँटीवरची राख झटकत राहिला. ती जात नव्हती. "खरंच सोसत नाही," तो परत म्हणाला, आणि उसाच्या मोळ्या ओलांडत गावाच्या वाटेला लागला. त्याच्या तक्त्यात याला कितवा नंबर आहे, ते विचारायला कुणी त्याच्यामागं गेलं नाही.

कोंडीबानं उरलेला खडा आपल्या तोंडात टाकला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं.